कंपन्यांनी दिलेले टॅब : शाळेच्या कपाटातून मुलांच्या हातात

२०२१च्या सणासुदीच्या तोंडावर अ‍ॅमेझॉन इंडियाने ‘डिलिव्हरिंग स्माइल्स’ नावाची मोहीम जाहीर केली. गरीब घरांतल्या मुलांना ऑनलाइन शिकता यावं म्हणून कंपनी स्वतः २० हजार डिजिटल साधनं देणार होती आणि मोहिमेतून दीड लाख विद्यार्थ्यांपर्यंत पोचायचं ठरलं होतं. ग्राहकांनाही पैसे देऊन किंवा घरात पडून असलेला जुना मोबाइल देऊन त्यात भाग घेता येत होता. कोविडच्या त्या दीड-दोन वर्षांत लहानमोठ्या कितीतरी कंपन्यांनी अशी मदत केली. तालुक्याच्या गावी बॅनर लागायचा, टेबलावर टॅबच्या खोक्यांची चळत रचली जायची आणि मान्यवरांच्या हस्ते वाटप व्हायचं. ही मदत गरजेची होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती याच रूपात का आली आणि आल्यावर कुठे अडली, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

शाळेत संगणक आणायचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४चा. ‘क्लास’ या नावाने केंद्राने निवडक अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे छोटे संगणक दिले. तिथून पुढची वीस वर्षं संगणक ही शाळेतली सोवळ्यातली वस्तू राहिली. खोलीला कुलूप, यंत्रावर कापडी खोळ, चपला बाहेर. कंपन्यांचा हात या कामाला लागला तो आयटी उद्योग वाढल्यावर. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कमधल्या कंपन्यांनी शुल्कमाफीत आणलेले संगणक दोन वर्षं वापरून झाले, की ते मान्यताप्राप्त शाळांना आणि सार्वजनिक ग्रंथालयांना शुल्क न भरता देता येतील, अशी सोय व्यापार धोरणात होती. कंपनीचं जुनं सामान मार्गी लागायचं, शाळेला संगणक मिळायचा. त्यासोबत दुरुस्ती करणारा माणूस मात्र मिळायचा नाही.

यंत्र खोलीतून काढून थेट मुलाच्या हाती द्यायची कल्पना जगभर गाजली ती २००५मध्ये. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचे सहसंस्थापक निकोलस निग्रोपॉन्टे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ म्हणजे दर मुलामागे एक लॅपटॉप, ही त्यांची योजना केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६मध्ये नाकारली. तरी भारतातला पहिला प्रयोग झाला तो आपल्याच रायगड जिल्ह्यात. खैरात नावाच्या वाडीतल्या एकशिक्षकी शाळेत २००७मध्ये हे हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले. पोरांनी ते घरी नेले, फोटो काढले, गाणी रेकॉर्ड केली. शिकायची ओढ वाढली. पण तो प्रयोग देशभर पसरला नाही. पुढे पेरूमधल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२मध्ये बाहेर आला. तिथे सरकारने मोठा खर्च करून हेच लॅपटॉप वाटले होते. मुलांना संगणक वापरता येऊ लागला, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडलेला दिसला नाही. आपल्याकडेही अझीम प्रेमजी फाउंडेशनने हजारो शाळांत संगणकावरच्या धड्यांचं काम केलं आणि काही वर्षांनी त्यातून अंग काढून घेऊन शिक्षकांसोबतच्या कामावर भर दिला. म्हणजे यंत्र एकटं शिकवत नाही, हे २०२०च्या आधीच कळलेलं होतं.

महाराष्ट्राची या गोष्टीतली जागा जरा वेगळी आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेने डिजिटल शाळा कशी असते ते दाखवलं आणि राज्यभरचे शिक्षक ती बघायला जाऊ लागले. २२ जून २०१५ला प्रत्येक मूल शिकलं पाहिजे यासाठीच्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत हे लोण खेड्यापाड्यांत पोचलं. पैसा कुठून आला? बराचसा लोकवर्गणीतून. सातारा-कोल्हापूरकडे याला ‘शैक्षणिक उठाव’ म्हणतात. यात्रा कमिटीने उरलेली रक्कम द्यायची, मुंबईला नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टर घ्यायचा, शिक्षकांनी आपल्या पगारातून भर घालायची. अशी वर्गणी जमली की फळ्यावर देणगीदारांची नावं रंगवली जात, पाचशे रुपये देणाऱ्याचंही नाव त्यात असे. या यंत्रांना गावचा पहारा होता. बॅटरी बिघडली तर कोणाकडे जायचं ते ठाऊक होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचं पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडचं काम याच वातावरणातलं. त्यांना २०२०च्या डिसेंबरमध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला.

कंपन्यांच्या पैशाचा ओघ सुरू झाला तो कायद्यामुळे. कंपनी कायदा २०१३चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४पासून लागू झालं. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. परवानगी असलेल्या कामांच्या यादीत शिक्षण आहे आणि सर्वांत जास्त पैसा जाणाऱ्या क्षेत्रांत ते कायम असतं.

या कायद्याच्या तपशिलात टॅबचं गणित दडलेलं आहे. खर्च आर्थिक वर्षात दाखवायचा असतो, म्हणून जानेवारी ते मार्च हा देणग्यांचा हंगाम. काम कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य देऊन करायचं, म्हणून कारखान्यांच्या पट्ट्यातल्या शाळांना जास्त मिळतं आणि नंदुरबार-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांच्या वाट्याला कमी येतं. तिसरी गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. वस्तू देऊन तिची किंमत दोन टक्क्यांत धरता येणार नाही, पैसे प्रत्यक्ष खर्चच झाले पाहिजेत, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे कार्यालयातले सुस्थितीतले जुने लॅपटॉप शाळेला दिले तर चांगलं काम झालं, पण हिशेबात शून्य. नवे टॅब विकत घेतले, बिल जोडलं, की काम झालं. एका दिवसात वाटता येणारी, मोजता येणारी, फोटोत दिसणारी वस्तू म्हणून टॅब या चौकटीत अगदी चपखल बसला. शिक्षकाला वर्षभर सोबत देणाऱ्या माणसाचा पगार त्या चौकटीत बसवणं शक्य आहे, काही कंपन्या बसवतातही, पण ते काम जिकिरीचं.

आणि मग मार्च २०२० आला. शाळांना कुलूप लागलं. पाच वर्षं वर्गणी काढून उभे केलेले प्रोजेक्टर आणि संगणक त्या कुलपाआड अडकले. शिक्षण घरी गेलं आणि घरी काय होतं? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८च्या फेरीत ग्रामीण भागातल्या फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता, इंटरनेटची सोय १४.९ टक्के घरांत. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत स्मार्टफोन असलेल्या घरांचं प्रमाण २०१८मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२०मध्ये ६१.८ आणि २०२१मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेलं. ही वाढ कंपन्यांच्या दानाची नव्हे. रोजगार बुडालेल्या काळात आईबापांनी उसनवारी करून, काहींनी दागिना मोडून फोन घेतले. या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठे देणगीदार तेच आहेत आणि त्यांच्या नावाचा फळा कुठेच लागलेला नाही.

फोन घरात आला म्हणून मुलाला मिळाला असं नाही. घरी स्मार्टफोन असूनही २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळत नव्हता, असं ‘असर २०२१’ सांगतो. बाप सकाळी कामावर जाताना फोन घेऊन जायचा, रात्री आठला परतायचा, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला अभ्यास उघडायचा. दोन भावंडं असली तर आधी दहावीचा, मग धाकटीचा नंबर. धाकटीचा नंबर येईपर्यंत दिवसाचा दीड जीबी संपलेला. त्या काळी असा पॅक २८ दिवसांना २०० ते २५० रुपयांना पडे आणि २०२१च्या अखेरीस तो आणखी महागला. कोकणात आणि सातपुड्यात रेंजसाठी मुलं टेकडीवर जाऊन बसायची. म्हणून मला ‘टिलीमिली’ महत्त्वाची वाटते. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ही पाठमालिका २० जुलै २०२०पासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. तिला रिचार्ज लागत नव्हतं आणि घरातला जुना टीव्ही पुरत होता.

केंद्राने मार्च २०२०मध्येच कोविडसाठीचा खर्च दोन टक्क्यांत धरायला मुभा दिली होती. साहजिकच बराचसा पैसा आधी दवाखाने, धान्य आणि पीएम केअर्सकडे वळला. शाळकरी मुलांची साधनं मागाहून आली. ऑगस्ट २०२१मध्ये पंधरा राज्यांतल्या आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित वस्त्यांत झालेल्या पाहणीत ग्रामीण भागातली जेमतेम ८ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुलं अजिबातच शिकत नव्हती. ४ ऑक्टोबर २०२१ला महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागात पाचवीपासूनच्या शाळा पुन्हा भरल्या. म्हणजे साधनांचा मोठा ओघ पोचत होता, तेव्हा दीड वर्ष निघून गेलं होतं.

साधन ही मेहेरबानी की हक्क, हा प्रश्न याच काळात कोर्टात गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने १८ सप्टेंबर २०२०ला खासगी शाळांना सांगितलं, की शिक्षण हक्क कायद्याने दुर्बल घटकांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांवरच्या मुलांना ऑनलाइन वर्गासाठी उपकरण आणि इंटरनेट पुरवा आणि खर्च सरकारकडून वसूल करा. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्याच न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये दिल्ली सरकारला यावर योजना आखायला सांगितलं. शाळा सुरू झाल्या आणि विषयाची निकड ओसरली. हा प्रश्न तेव्हाच धसाला लागायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

मुलांच्या हाती दिलेल्या टॅबचं एक वेगळंच त्रांगडं झालं. जे टॅब शाळेच्या नावावर आले ते जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढले. शिक्षक तिला ‘डेडस्टॉक’ म्हणतात. तिच्यात नोंद झाली, की वस्तूची जबाबदारी मुख्याध्यापकाच्या मानेवर. बदलीच्या वेळी चार्ज देताना एकेक नग मोजून द्यावा लागतो. हरवला तर उत्तर द्या, मोडला तर निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून तो नग कमी करण्याचा, प्रस्ताव करा, वरून मंजुरी आणा. पालकांकडून हमीपत्र घ्यायचं म्हटलं, तरी रोजंदारीवरची आई आठ-दहा हजारांच्या वस्तूची हमी कशी देणार? त्यामुळे मुख्याध्यापकाने टॅब कपाटात जपून ठेवले तर त्याला दोष देता येत नाही. त्याला कागदाने बांधलेलं आहे. जिथे कंपनीने संस्थेमार्फत काम केलं, टॅबमध्ये सिमकार्ड आणि वर्षभराचा डेटा घातला, दुरुस्तीला नंबर दिला आणि तुटफूट आपल्याकडे घेतली, तिथे तीच वस्तू कपाटाबाहेर येऊन पोरांच्या हातात राहू शकली.

आता ओघ पुन्हा शाळेकडे वळला आहे. केंद्राच्या ‘विद्यांजली २.०’ या सप्टेंबर २०२१च्या योजनेत शाळेने स्वतःची गरज मांडायची आणि देणाऱ्याने ती निवडायची, अशी सोय आहे. घरचा फोन आता दुर्मीळ राहिलेला नाही. ‘असर २०२४’नुसार १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. त्यामुळे टॅबऐवजी भिंतीवरचा मोठा इंटरॅक्टिव्ह पॅनल ही देणगीदारांची आवडती वस्तू झाली आहे. एका पॅनलची किंमत लाखाच्या घरात जाते. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला ‘समग्र शिक्षा’ या केंद्राच्या योजनेतून वर्षाला १०,००० रुपये संयुक्त अनुदान मिळतं आणि खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती, इंटरनेट, वीजबिल हे सगळं त्यातच भागवावं लागतं. पॅनलच्या देणगीपत्रावर सही करण्याआधी वीजबिल कोण भरणार हे विचारून लिहून घेणारे मुख्याध्यापक आता भेटू लागले आहेत.