सामान्य शिक्षण, ख्रिस्ती विद्यापीठीय

धर्मशास्त्राच्या किंवा एखाद्या व्यवसायाच्या विशेष अभ्यासाचा पाया म्हणून ख्रिस्ती विद्यापीठांत दिले जाणारे भाषा, तर्क, गणित, निसर्गविज्ञान व तत्त्वज्ञान यांचे शिक्षण. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, वक्तृत्व व तर्कशास्त्र ही त्रयी आणि अंकगणित, भूमिती, संगीत व खगोलशास्त्र ही चतुष्टयी कलाशाखेत शिकवीत, आणि धर्मशास्त्राकडे जाण्याची वाट सामान्यतः तिच्यातूनच जाई. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने हा क्रम १५९९ च्या अध्ययनसंहितेत (रेशो स्टुडिओरम) पक्का केला.

गोव्यात तो त्यापूर्वीच रुजला होता. जुने गोवे येथील सेंट पॉल महाविद्यालयाचा प्रारंभ कोणत्या वर्षी धरावा, याबद्दल मात्र एकवाक्यता नाही. मिगेल व्हाझ व दियोगु द बोर्बा यांच्या पुढाकाराने, ज्यातून हे महाविद्यालय उभे राहिले तो सांता फे बंधुसंघ १५४१ मध्ये स्थापन झाला, ते वर्ष काही अभ्यासक देतात. मे १५४२ मध्ये जेझुइट धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर गोव्यात आले व पुढे संस्था जेझुइटांकडे गेली, म्हणून इतर १५४२ किंवा त्यानंतरचे वर्ष मानतात. बंधुसंघाचा मूळ हेतू स्थानिक मुलांना धर्मप्रसारासाठी तयार करण्याचा होता आणि कलाशाखेची घडी जेझुइटांनी बसवली, हे लक्षात घेता सामान्य शिक्षणाच्या इतिहासापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

या शिक्षणाला तेथे किती महत्त्व होते, हे मुद्रणाच्या इतिहासावरून दिसते. सप्टेंबर १५५६ मध्ये ॲबिसिनियाकडे (इथिओपियाकडे) निघालेले मुद्रणयंत्र गोव्यात उतरले व याच महाविद्यालयात राहिले. त्यावर त्याच वर्षी छापलेले पहिले साहित्य म्हणजे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी जाहीर वादसभेत मांडावयाचे सिद्धान्त, असे समकालीन पत्रांवरून मानले जाते; त्यांची प्रत उपलब्ध नाही. झेवियर यांची ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी १५५७ मध्ये, म्हणजे त्यानंतर छापली गेली. भारतातील मुद्रणाचा आरंभ विद्यार्थ्यांच्या वादविवादासाठी व्हावा, ही गोष्ट या नोंदीच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

व्याकरण व वक्तृत्व यांच्या शिस्तीचे मराठीतील उत्तम फळ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण (रायतूर, १६१६). सुमारे ११ हजार ओव्यांची ही रचना, तसेच त्यांचे १६४० मध्ये मरणोत्तर छापलेले कोकणी व्याकरण, परक्या भाषेची घडण ओळखणाऱ्या मनाची साक्ष देतात. त्याच काळात धर्मन्यायपीठ (इन्क्विझिशन, १५६० पासून) आणि पुढे देशी भाषेविरुद्धचा १६८४ चा हुकूम हेही गोव्यातच घडले. त्यामुळे हे शिक्षण सर्वांसाठी मुक्त होते, असे म्हणता येत नाही. १७५९ मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली. सेंट पॉलची आता केवळ दर्शनी कमान उरली आहे.

आज गोव्यात ख्रिस्ती विद्यापीठ नाही. म्हापशाच्या सेंट झेवियर महाविद्यालयासारख्या चर्चशी संबंधित संस्था १९८५ मध्ये सुरू झालेल्या गोवा विद्यापीठाशी संलग्न असून तेथे सर्व धर्मांचे विद्यार्थी शिकतात.