मागण्यांचा अग्रक्रम (सॉफ्टवेअर)

मागण्यांचा अग्रक्रम : सॉफ्टवेअर वापरणारे जी नवी फीचर मागतात, त्यांतले आधी कोणते करायचे, कोणते थांबवायचे आणि कोणते नाकारायचे हे ठरवण्याची पद्धत. सपोर्टचे फोन, सेल्सची माणसे, व्हॉट्सॲप अशा वाटांनी मागण्या येतात आणि ‘बॅकलॉग’ या यादीत जमतात. छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याच्या ‘स्क्रम’ पद्धतीत यादीचा क्रम लावण्याची जबाबदारी एकट्या ‘प्रॉडक्ट ओनर’ची, म्हणजे काय बनवायचे हे ठरवणाऱ्या माणसाची असते.

मागणी आणि गरज एकच नसतात. खरे कसब इथे लागते. गोव्यात पर्वरीतली एखादी टीम होमस्टेंसाठी बुकिंगचे सॉफ्टवेअर बनवते असे समजा. कळंगुटचा मालक सांगतो, “कॅलेंडरात रंग द्या.” त्याच्या काउंटरपाशी तासभर बसले की उलगडा होतो. दोन वेबसाइटांवरून एकच खोली दोनदा विकली जाते, म्हणून तो वहीत लाल-निळ्या पेनाने खुणा करत असतो. एकीकडे खोली गेली की दुसरीकडे ती तारीख आपोआप बंद झाली, तर त्याला रंग लागणारच नाहीत.

नुसती मते मोजणेही फसवे. बोलणाऱ्याची बोरे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. गप्प बसलेला ग्राहक तक्रार न करताच सोडून जातो.

क्रम लावायला काही ठरलेल्या रीती आहेत. जपानचे गुणवत्तातज्ज्ञ नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या प्रारूपात, असणे गृहीतच धरलेली वैशिष्ट्ये आणि अनपेक्षित आनंद देणारी वैशिष्ट्ये वेगळी काढली जातात. ‘मॉस्को’ (इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले नाव) पद्धतीत हवेच, असावे, असले तर बरे, यावेळी नाही असे चार गट पडतात. इंटरकॉम या सॉफ्टवेअर कंपनीत तयार झालेले ‘राइस’ सूत्र आकडा देते : किती जणांना उपयोग, परिणाम (एकेकाला किती फरक पडतो) आणि खात्री (हे अंदाज किती पक्के) यांचा गुणाकार, भागिले मेहनत. वरच्याच टीमचे उदाहरण घेऊ. काळ्या पार्श्वभूमीचा स्क्रीन (डार्क मोड) ४०० मालकांना हवा, परिणाम ०.५, खात्री १०० टक्के, मेहनत एका माणसाचा एक महिना, गुण २००. परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला कळवणारा ‘सी फॉर्म’ आपोआप भरणे ६० मालकांना हवे, परिणाम २, खात्री ८० टक्के, मेहनत ३ महिने, गुण ३२. तरीही सी फॉर्म आधी घ्यावा. ही माहिती पाहुणा आल्यापासून २४ तासांच्या आत द्यावीच लागते, आणि ती चुकली तर मालक कायद्याच्या कचाट्यात सापडतो. सूत्राने चर्चा सुरू करावी, निर्णय माणसांनी घ्यावा.

उशिराची किंमतही धरावी लागते. गोव्यात पर्यटनाचा सीझन ऑक्टोबरात सुरू होतो; बुकिंगची सुधारणा सप्टेंबरात मिळाली तर कामाची, जानेवारीत मिळाली तर वर्ष वाया. उलट, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काउंटरवर रांग असताना ओळखीचा स्क्रीन बदलू नये. मोठे बदल पावसाळ्यासाठी राखावेत. तेव्हा बऱ्याच खोल्या रिकाम्या असतात आणि मालकाला शिकायला सवड असते.

नाकारलेल्या मागणीचे उत्तर मात्र लगेच, कारणासह द्यावे. “बघू” म्हणून टांगून ठेवलेला मालक पुढच्या सीझनपर्यंत त्याच आशेवर वहीत खुणा करत राहतो.