उलटा फिरणारा पंप : उत्तेजक द्रव्ये आणि सेरोटोनिन

लातूरच्या शिकवणी वर्गांच्या भागात रात्री उशिरापर्यंत चहाच्या टपऱ्यांभोवती ‘नीट’ची तयारी करणारी मुले उभी दिसतात. त्यांच्या कपातील कॅफिन हे उत्तेजकच आहे, पण ते अंगात नवी शक्ती घालत नाही. दिवसभराच्या कामातून मेंदूत साचत जाणारे ॲडेनोसिन ज्या रिसेप्टरांवर बसून झोप आणते, त्या जागा कॅफिन अडवून धरते. थकवा तसाच राहतो, फक्त त्याची वर्दी पोचत नाही. ‘एमडी’ म्हणून चोरून विकले जाणारे मेफेड्रोनही उत्तेजकच म्हणवले जाते, परंतु त्याचे काम अगदी निराळ्या ठिकाणी चालते.

चेतापेशी एकमेकींना निरोप देतात ते मधल्या सूक्ष्म फटीत डोपामिन, नॉरॲड्रेनलिन किंवा सेरोटोनिन सोडून. निरोप पोचला, की पेशीच्या आवरणावरील वाहक प्रथिने तेच द्रव्य पुन्हा आत ओढून घेतात. नॉरॲड्रेनलिनची ही परतीची वाट दाखवून देणारे ज्यूलियस ॲक्सेलरॉड १९७० च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी होते. कोकेन ही वाट तिन्ही द्रव्यांसाठी बंद करते. अवधानाच्या विकारावर डॉक्टर देतात ते मिथाइलफेनिडेट डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिनची वाट अडवते, सेरोटोनिनला मात्र जवळजवळ हात लावत नाही.

ॲम्फेटामिन, एमडीएमए (‘एक्स्टसी’ म्हणून ओळखले जाणारे नशेचे द्रव्य) आणि मेफेड्रोन यांची रीत याहून वेगळी आहे. विहिरीवरच्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह, ज्याला आमच्याकडे सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतात, खराब झाला की पाइपात चढलेले पाणी उलटे विहिरीत उतरते. ही द्रव्ये वाहक प्रथिनातून पेशीत शिरतात आणि त्याची दिशाच उलटी करतात, त्यामुळे निरोपाची गरज असो वा नसो, आतला साठा बाहेर वाहू लागतो. ॲम्फेटामिन मुख्यतः डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन बाहेर काढते; एमडीएमएचा जोर सेरोटोनिनवर असतो. मेफेड्रोन डोपामिन आणि सेरोटोनिन ही दोन्ही सोडवते, आणि उंदरांवरील प्रयोगांत त्याने वाढलेले डोपामिन लवकर ओसरलेले दिसले. एकदा घेणारा माणूस त्याच रात्री पुन्हा पुन्हा का घेतो, याचे एक कारण या ओसरण्यात असावे.

सेरोटोनिनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणण्याची पद्धत मला पटत नाही. १९४८ मध्ये ते रक्तातून वेगळे केले गेले तेव्हा रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य एवढीच त्याची ओळख होती; मेंदूत ते असल्याचे बेटी ट्वारॉग यांनी १९५३ मध्ये दाखवले. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते. मेंदूत ते झोप, भूक, मनःस्थिती आणि शरीराचे तापमान अशा अनेक गोष्टींत भाग घेते. डाळ, तीळ, दूध, अंडी यांतून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅनपासून ते पायरीपायरीने तयार होते, आणि एमडीएमए तर त्यातील पहिल्या पायरीच्या एन्झाइमचेच काम मंदावते. एका रात्रीत रिकामा झालेला साठा त्यामुळे दुसऱ्या सकाळी भरलेला नसतो, आणि नंतर काही दिवस मन खिन्न राहते.

तापमानाचा मुद्दा मराठवाड्यात विशेष गंभीर आहे. परभणीत मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे जातो तेव्हा शरीराला उष्णता बाहेर टाकणे तसेही अवघड होते. त्यात ही द्रव्ये घेतली, तर वाढलेले नॉरॲड्रेनलिन त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि अतिरिक्त सेरोटोनिनमुळे स्नायू ताठरतात, थरथरतात व स्वतःच उष्णता निर्माण करतात. नैराश्यावरच्या काही गोळ्या किंवा ट्रॅमाडॉलसारखे वेदनाशामक आधीपासून चालू असेल, तर सेरोटोनिन आणखी वाढून ‘सेरोटोनिन सिंड्रोम’ होऊ शकतो. यात चढणारा ताप मेंदूने तापमानाची पातळी वर नेल्यामुळे आलेला नसतो, म्हणून पॅरासिटामॉलने तो उतरत नाही. रुग्णाला लगेच रुग्णालयात नेऊन बाहेरून थंड करावे लागते, स्नायू शिथिल करणारी औषधे द्यावी लागतात, आणि त्याने काय काय घेतले आहे हे डॉक्टरांना न लपवता सांगावे लागते.