बिडाच्या पॅनमधलं मधल्या वारचं चिकन: खरवड घासून टाकू नका

नमस्कार.

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा (कास्ट आयर्नचा), हा खोलगट पॅन तुम्ही आमच्याकडून घरी नेलात, त्याबद्दल मनापासून आभार. घरात कुणी तवा म्हणेल, कुणी कानडीत हंचु म्हणेल, मुलं स्किलेट म्हणतील. वस्तू एकच आहे: वाळूच्या साच्यात ओतलेलं बीड, जाड बूड आणि उचलताना मनगटाला जाणवणारं दोन किलोंच्या वरचं वजन. उद्यमबागेतल्या फौंड्र्यांमुळे बीड हा धातू बेळगावकरांना परका नाही. पंपाचे आणि गाड्यांचे भाग इथे ओतले जातातच. पण तोच धातू गॅसवर आला की त्याची वागणूक स्टील-ॲल्युमिनियमपेक्षा वेगळी असते. ती माहीत नसली की पहिल्याच दिवशी चिकन चिकटतं आणि पॅन माळ्यावर जातो.

दुकानात परत येणाऱ्या मंडळींकडून आम्ही सगळ्यात जास्त ऐकतो ते हेच: "बुडाला लागतंय हो." म्हणून या पत्रकात एकच पदार्थ सविस्तर सांगतो. कामावरून सात वाजता घरी आल्यावर साडेआठच्या आत ताटात पडेल असं, पॅनमध्ये खरपूस केलेलं चिकन आणि त्याच पॅनमध्ये केलेला दाटसर रस्सा. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणाऱ्या घरांत मधल्या वारचं मांसाहारी म्हणजे बुधवार नाहीतर शुक्रवार. रविवारच्या मटणासारखा अख्खा सकाळचा वेळ त्या दिवशी नसतो. हा प्रकार त्यासाठीच आहे.

आधी खरवडीबद्दल

दूध आटवताना, भात लावताना, पिठलं करताना बुडाला धरते ती खरवड आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पातेल्यातली खरवड कुणाला मिळणार यावरून भावंडांत भांडणं झालेली आहेत. चिकन खरपूस भाजलं की पॅनच्या बुडाला जे तपकिरी डाग धरतात, तीही खरवडच. मांसातली प्रथिनं आणि साखर साधारण 140 अंश सेल्सियसच्या वर तापली की त्यांची एकमेकांशी क्रिया होऊन तो तपकिरी रंग आणि खमंग वास तयार होतो. लुई-कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 साली या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचं नाव आहे. भाकरीचा पापुद्रा, भाजलेलं खोबरं, चुलीत भाजलेला कांदा, या सगळ्यांचा खमंगपणा बराचसा तिथूनच येतो.

इंग्रजी पाककृतींत या खरवडीला 'फॉन्ड' म्हणतात, आणि फ्रेंच स्वयंपाकात त्यात पाणी किंवा वाईन घालून ती सोडवून सॉस करतात. आपल्या रश्श्यात वाटण घालून चव आणतात, इथे ती चव बुडाला आधीच तयार झालेली असते. ती घासून मोरीत घालवू नका, एवढं एक जरी या पत्रकातून लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

यासाठी बीडच का, हेही सांगतो. खानापूरच्या कुंभारांच्या मातीच्या भांड्यात रस्सा मंद शिजतो तेव्हा त्याला तोड नाही, पण रिकामं मडकं लाल तापवता येत नाही. नॉनस्टिकमध्ये काही चिकटतच नाही, मग खरवड धरणार कशी? पातळ ॲल्युमिनियमचा तवा लगेच तापतो खरा, पण गार मांस पडलं की तितक्याच लवकर निवतो. बीड तापायला वेळ घेतं, मात्र एकदा तापलं की थंडगार तुकडे टाकले तरी उष्णता धरून ठेवतं.

चिकन कसं मागायचं

चिकनच्या दुकानात सांगितलं नाही तर करी कट मिळतो आणि कातडं काढलेलं असतं. रश्श्याला ते बरोबर आहे, इथे नाही. हाडासकट मांडीचे चार सबंध तुकडे घ्या, 'थाय' म्हटलं की दुकानदाराला कळतं, आणि कातडं राहू द्यायला सांगा. साधारण 600 ते 700 ग्रॅम होतील, तिघा-चौघांना पुरतात. छातीचं बोनलेस घेतलंत तरी चालेल, पण ते लवकर कोरडं पडतं. मांडीचं मांस मिनिट-दोन मिनिटं जास्त राहिलं तरी रसाळ राहतं. गावठी कोंबडी मात्र या पद्धतीने करू नका. तिचं मांस चिवट असतं, तिला कुकर किंवा चुलीवरची लांब शिजवणीच हवी.

घरी आल्या आल्या तुकड्यांना एक चमचा मीठ चोळून ठेवा आणि आपले हातपाय धुऊन घ्या. चिकन नळाच्या धारेखाली धरू नका, शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, कोथिंबिरीवर उडतात आणि त्यातून जंतू पसरतात. धुतल्याशिवाय समाधान होत नसेल तर पातेल्यात पाणी घेऊन हळू धुवा आणि नंतर मोरी स्वच्छ करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॅनमध्ये टाकायच्या आधी प्रत्येक तुकडा स्वच्छ सुती फडक्याने कोरडा टिपा, कातड्याच्या बाजूने तर दोनदा. ओलं मांस भाजत नाही, आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जावं लागतं, आणि तोवर मांस उकडून पांढरं पडतं. हळद, आलं-लसूण, दही, चटणी लावून ठेवायची आपली सवय इथे बाजूला ठेवा. हे सगळं तापलेल्या बिडावर मांसाच्या आधी जळतं आणि खरवड कडू होते. मसाला येणार आहे, पण नंतर.

पॅन तापवणं

मध्यम आचेवर रिकामा पॅन पाच मिनिटं ठेवा. मोठ्या आचेची घाई करू नका, बीड मधोमध जळजळीत होतं आणि कडा गार राहतात. पाण्याचे दोन थेंब टाकून बघा. ते जागच्या जागी चुरचुरून आटले तर अजून थांबा. गोळी होऊन पाऱ्यासारखे इकडेतिकडे पळू लागले की पॅन तयार आहे. मग एक चमचा शेंगतेल, जास्त नको, कातड्याची चरबी सुटणारच आहे.

तुकडे कातडं खाली करून ठेवा, स्वतःपासून दूरच्या बाजूला सोडा म्हणजे तेल अंगावर उडणार नाही. चर्र असा आवाज आलाच पाहिजे. दोन तुकड्यांमध्ये बोटभर जागा ठेवा. 10 इंची पॅनमध्ये चारच तुकडे मावतात. पाहुणे असतील तर दोन घाण्यांत करा, मधे पॅन धुवू नका.

आणि आता हात मागे घ्या. आमच्याच घरी पहिल्यांदा केलं तेव्हा दोन मिनिटांनी उलथणं घालून बघितलं, कातडं टराटरा फाटून पॅनलाच राहिलं आणि सगळ्यांचा हिरमोड झाला. तेव्हा कळलं की मांस सुरुवातीला बिडाला घट्ट धरतं, आणि खरपूस कवच धरलं की आपणहून सोडतं. दहा ते बारा मिनिटं लागतात. या वेळात आवाज बदलतो, सुरुवातीचा फडफडाट बसतो आणि बारीक, एकसारखी चुरचुर ऐकू येते. कडेने कातडं भाजल्या खोबऱ्याच्या रंगाचं दिसू लागतं. उलथणं कडेला टेकवून हलकं सरकवा. सहज सुटलं तर उलटा. सुटत नसेल तर ओढू नका, दोन मिनिटं द्या.

उलटल्यावर आच थोडी कमी करा आणि आठ-दहा मिनिटं शिजू द्या. झाकण ठेवलंत तर कातडं मऊ पडेल, तुकडे फारच जाड असतील तरच अर्धवट झाका. हाडालगत सुरी खुपसल्यावर येणारा रस स्वच्छ असला पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आतलं तापमान 74 अंश सेल्सियस हवं, आणि मांडीच्या मांसाला 80 पर्यंत गेलं तर आणखी मऊ लागतं. ब्रॉयलरची हाडं कोवळी असल्याने हाडाजवळचं मांस कधी पूर्ण शिजूनही लालसर दिसतं. नुसत्या रंगावरून ठरवू नका, रस आणि तापमान बघा. शिजलेले तुकडे ताटलीत काढा, कातडं वर.

रस्सा

पॅनमध्ये बरीच चरबी सुटलेली असेल. एक मोठा चमचा ठेवून बाकीची वाटीत काढा. दुसऱ्या दिवशी उकडलेले बटाटे किंवा आपल्या भागातली रताळी त्यात परतली तर मुलं डबा संपवून येतात.

बुडाला बघा. तपकिरी आणि लालसर खरवड असेल तर उत्तम. कुठे काळी, धुरकट वासाची झाली असेल तर चिमूटभर सोडवून चाखा. कडू लागली तर हळहळ वाटली तरी त्या दिवशीचा रस्सा सोडून द्या, जळका कडूपणा लोणी-लिंबाने झाकला जात नाही. पुढच्या वेळी आच कमी ठेवा.

मंद आचेवर एक बारीक चिरलेला कांदा टाका. कांद्याला पाणी सुटलं की थोडी खरवड तिथेच सुटू लागते. कांदा गुलाबी झाला की ठेचलेल्या सहा-सात लसूण पाकळ्या, आणि लसणाचा वास सुटला की अर्धा चमचा घरचा कांदा-लसूण मसाला. आमच्याकडे संकेश्वरी मिरचीचा मसाला असतो, त्याला तिखटाबरोबर स्वतःचा वासही आहे. तिखट कमी हवं असेल तर ब्याडगी घ्या, रंग छान येतो. मसाला अर्ध्या मिनिटाच्या वर परतू नका.

मग एक वाटी गरम पाणी. गरमच. तापलेल्या बिडात गार पाणी ओतलं तर धातू एकदम आकसतो आणि पॅनला तडा जाऊ शकतो, अशा पॅनची दुरुस्ती होत नाही. मान-पाठीची हाडं दुकानातून मागून आणली असतील तर ती आधी कुकरला लावून त्यांचं पाणी वापरा, चवीत फरक पडतो.

पाणी पडताक्षणी वाफेचा लोट उठतो आणि सगळं बूड बुडबुड्यांनी भरतं. लाकडी उलथण्याची सपाट कड बुडाला टेकवून कडेपासून मधोमध खरवडत या. जोर लावावा लागत नाही, खरवड पापुद्र्यासारखी निघून पाण्यात विरघळते. पाणी आधी चहाच्या रंगाचं होतं, मग गडद. लोखंडी उलथणं नको, त्याने पॅनचा तेलकट काळा थर निघतो.

मध्यम आचेवर निम्मं होईपर्यंत आटवा, चार-पाच मिनिटं. उलथणं फिरवल्यावर बुडाला वाट पडली आणि क्षणभर तशीच राहिली की झालं. गॅस बंद करा, लोण्याचा सुपारीएवढा गोळा टाका आणि पॅन गोल फिरवत विरघळवा. उकळत्या रश्श्यात लोणी टाकलं तर तूप वेगळं होऊन वर तरंगतं. तसं झालंच तर चमचाभर गरम पाणी घालून ढवळा, बहुतेक वेळा पुन्हा एकजीव होतो. शेवटी अर्धं लिंबू, कोथिंबीर, आणि ताटलीत चिकनखाली साचलेला रस, तो अजिबात टाकू नका. मीठ आता चाखून घाला. चिकनचं मीठ आटून रश्श्यात उतरलेलं असतं, बऱ्याचदा घालावंच लागत नाही.

रस्सा ताटात पसरा आणि चिकन त्यावर ठेवा, वरून ओतलं तर कातड्याचा कुरकुरीतपणा जातो. वाढणी थोडीच, पण चवीला दाट असते. जोंधळ्याची गरम भाकरी याच्याबरोबर आम्हाला सगळ्यात आवडते. बेळगाव बासमतीचा भात असेल तर रस्सा थोडा पातळ ठेवा.

लहान मुलांसाठी मसाल्याऐवजी भरडलेले मिरे आणि जास्तीचं लोणी घाला. लिंबाऐवजी एक-दोन आमसुलंही चालतात, शेवटच्या मिनिटाला.

पॅनची काळजी

आंबट रस्सा पॅनमध्ये रात्रभर ठेवू नका. लिंबू, आमसूल, टोमॅटो, चिंच लोखंड सोडवतात, रस्सा काळा पडतो आणि धातूची चव येते. पाच-दहा मिनिटांच्या शिजवणीने काही बिघडत नाही, उरलेलं मात्र स्टीलच्या डब्यात काढा.

पॅन कोमट असतानाच गरम पाण्याने आणि काथ्याने घासा. साबणाचा एखादा थेंब चालतो, भिजत घालणं चालत नाही. पुसून गॅसवर दोन मिनिटं ठेवून पूर्ण वाळवा आणि तेलाचं बोट फिरवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे, विशेषतः खानापूरच्या बाजूला, भिंतींनाही ओल येते. तेव्हा पॅन वर्तमानपत्रात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. इंडक्शनवर चालतो, पण उचलून ठेवा, काचेवर ओढू नका. मूठही तापते, फडक्याशिवाय धरू नका, आणि घरात लहान मूल असेल तर मूठ ओट्याच्या आतल्या बाजूला वळवून ठेवा.

गंज धरलाच तर भंगारात घालू नका. पॅन दुकानात आणून द्या. आम्ही घासून, तेल धरवून परत देतो, आमच्याकडून नेलेल्या पॅनला त्याचे पैसे घेत नाही. दोन दिवस लागतात, त्यामुळे बुधवारी हवा असेल तर सोमवारी सकाळी आणा.