भिजवणं वेगळं आणि भिजत घालणं वेगळं, आता तरी समजून घ्या

रेसिपीचे व्हिडिओ बघते तेव्हा एका वाक्याने डोकं फिरतं, "पोहे पाच मिनिटं पाण्यात भिजवून ठेवा". पाच मिनिटं? पाण्यात? आणि मग खाली लोक विचारतात की आमचा लगदा का झाला. इंदूरला तर हा घोळ जास्तच, कारण आपल्या मराठी घरांतही अर्धं किचन हिंदीत चालतं आणि इथल्या हिंदीत चणे गला दो, साबुदाणा गला दो, कपडे गला दो, सगळ्याला एकच शब्द.

भिजत घालणं सगळ्यांना येतं. छोले, राजमा, वाल, डाळ, मळके कपडे. पाणी भरपूर, वेळ भरपूर, आणि उरलेलं पाणी ओतून द्यायचं. छोल्यांचा दाणा मोठा आणि कडक असतो, पाणी आत शिरायला रात्र लागते, म्हणून भांडं मोठं घ्या, बस. (भिजत घोंगडं पण यातलंच, पडलंय तर पडलंय.)

भिजवणं म्हणजे मोजून पाणी, आणि घातलेलं पाणी त्यातच जिरलं पाहिजे, ओतायला काही उरता कामा नये. कणीक भिजवतो तेव्हा कोणी परातभर पाण्यात बुडवून ठेवतं का? भज्यांचं बेसन भिजवतो, रवा भिजवतो, तिथे कोणाचं चुकत नाही, हात आपोआप आखडता होतो. चुकतं ते पोहे आणि साबुदाण्यात, कारण ते दिसतात दाण्यासारखे आणि आपण त्यांना छोल्यांच्या रांगेत बसवतो.

पोहे मुळात कच्चे नसतातच. भात (शिजवलेला नव्हे, सालासकटचा तांदूळ) भिजवून, भाजून, मग दाबून चपटा केलेला असतो, म्हणजे शिजायचं काम आधीच झालंय, त्यामुळे पाणी दिसलं की लगेच ओढून घेतात. जाडे पोहे चाळणीत घ्या, नळाखाली धरा, हाताने हलकेच वरखाली करा, निथळू द्या आणि बाजूला ठेवा. अंगाला जे पाणी चिकटलंय तेवढ्यातच ते दहा मिनिटांत मऊ होतात. चिमटीत दाबला तर दबायला हवा पण आकार मोडायला नको. आणि आपले इंदुरी पोहे तर कढईत परतून गप्प बसत नाहीत, खाली उकळत्या पाण्याचं पातेलं आणि वर पोहे, ठेल्यावर सकाळभर वाफ चालू. म्हणजे ओलावा पुढेही मिळणारच आहे, सुरुवातीलाच चिंब केले तर नऊ वाजेपर्यंत गोळा. म्हणून वाफेवरच्या पोह्यांना मी पाणी नेहमीपेक्षा थोडं कमीच ठेवते, यावर माझ्याशी वाद घालू नका.

साबुदाण्याचं गणित थोडं वेगळं पण जात तीच. आधी दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, वरचं पांढरं पीठ गेलं पाहिजे, नाहीतर तेच नंतर चिकटतं. मग सगळं पाणी काढून टाका आणि दाण्यांच्या जेमतेम बरोबरीला येईल इतकंच नवं पाणी घाला, झाकण ठेवा, रात्रभर विसरा. सकाळी दाणा दोन बोटांत चेपला की सपाट व्हावा, मधे कडक कणी लागली तर पाण्याचा हबका मारून अजून तासभर थांबा. वरून ग्लासभर ओतू नका प्लीज. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, खिचडी खाताना बघा, दाणा दाण्याला चिकटलेला नसतो, ती करामत मसाल्याची नाही, आदल्या पाण्याची आहे.

पातळ पोहे यात धरूच नका, ते धुवायचेही नाहीत. दडपे पोह्यांना ओल्या नारळाचा आणि कांद्याचा ओलावा पुरतो. इस्त्रीच्या कपड्यांना पाणी शिंपडतात तेही नुसतं ओलं करणं, त्यात समजावण्यासारखं काही नाही.

आणि एवढं वाचूनही पोहे जास्त भिजलेच, तर कापडावर पसरून पंख्याखाली ठेवा, बरेचसे सुटे होतात. नाहीच झाले तर उकडलेला बटाटा घालून कटलेट करा, पण वरून शेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) टाकून पोहे म्हणून पाहुण्यांपुढे ठेवू नका.