शून्य खुनांचं गाव

भाचीचा फोन आला तेव्हा तिच्यासमोर एक्सेलची शीट उघडी होती. नवरा-बायको दोघांनाही कायमचं घरून काम करायची परवानगी मिळालीय, मुलगा सहा वर्षांचा, मोठ्या शहरातलं भाडं झेपत नाही. तेव्हा अमेरिकेत नेमकं राहायचं कुठे? ‘मुलं वाढवायला सर्वांत सुरक्षित गावं’ अशी एक यादी तिला इंटरनेटवर मिळाली होती. पहिल्या नंबरच्या गावाची वस्ती पाच हजार आणि खुनांच्या रकान्यात शून्य.

“मामा, शून्य म्हणजे शून्यच ना?”

अशा याद्या बहुधा घरांचे दलाल किंवा अलार्म विकणाऱ्या कंपन्या काढतात, हे बाजूला ठेवू. त्या शून्यामागचं गणित पाहू, कारण ते मला फार आवडतं.

अमेरिकेत १९९१ साली दर लाख लोकांमागे ९.८ खून झाले. २०१४ पर्यंत हा दर साडेचारच्या आसपास उतरला, २०२० मध्ये एका वर्षात जवळजवळ ३० टक्क्यांनी उसळला आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा झपाट्याने खाली आला. सोयीसाठी लाखामागे सहा धरू. आता समजा, देशातल्या प्रत्येक गावात धोका अगदी सारखाच आहे. मग पाच हजार वस्तीच्या गावात वर्षाला किती खून व्हावेत? ०.३. पण ०.३ माणसाचा खून होत नाही. होतो तो एकाचा, दोघांचा, नाहीतर कोणाचाच नाही.

एका माणसाचा वर्षभरात खून न होण्याची शक्यता ०.९९९९४. पाच हजारांतल्या कोणाचाच न होण्याची शक्यता हवी, तर असे पाच हजार ०.९९९९४ घेऊन त्यांचा गुणाकार करायचा. कॅल्क्युलेटर सांगतो ०.७४. म्हणजे अशा शंभर गावांपैकी ७४ गावांत वर्षभर एकही खून नाही, २२ गावांत एक, तीनेक गावांत दोन आणि क्वचित कुठे तीन. जिथे एक झाला त्या गावाचा दर लगेच लाखामागे २०, म्हणजे देशाच्या तिपटीहून जास्त. जिथे दोन झाले तिथे ४०. आणि धोका तर आपणच सगळीकडे सारखा धरला होता!

अमेरिकेत नगरपालिका असलेली गावं-शहरं सुमारे १९,५००, त्यांतल्या तीन चतुर्थांश ठिकाणची वस्ती पाच हजारांहूनही कमी. यादीच्या माथ्यावर छोटी गावं येणार आणि तळालाही छोटीच गावं येणार. धोका सारखा असेल तर मोठी शहरं मधेच कुठेतरी असतात, कारण नुसत्या योगायोगाने त्यांना टोकाला जाताच येत नाही.

पटत नसेल तर सापशिडीचा पट काढा. त्यात बरोबर शंभर चौकोन असतात. डोळे मिटून त्यावर तांदळाचे ३० दाणे टाका. मी टाकले, तेव्हा ७३ चौकोन रिकामे, २४ चौकोनांत एकेक दाणा आणि तिघांत दोन-दोन. त्या तिघांतला एक नेमका मोठ्या सापाच्या तोंडाचा. साप दाणे ओढून घेतो, असं सांगणारा कोणीतरी भेटेलच. भाचीच्या सासूबाईंची एकच अट होती, दार पूर्वेला हवं. मला तो पूर्वेचा दरवाजा आणि हा शून्याचा रकाना एकाच माळेचे मणी वाटतात. आधी दाणे पडतात, मग त्यांना कारण चिकटवलं जातं. (हे सासूबाईंना कळवू नये.)

दुर्मीळ घटनांचं हे सूत्र फ्रान्सच्या प्वासाँ या गणितज्ञाने १८३७ साली मांडलं, तेही न्यायालयांच्या निकालांवर लिहिताना. त्याला खरी प्रसिद्धी मिळाली ती १८९८ मध्ये, घोड्यांमुळे. बॉर्टकिएविच नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ बसून मेलेल्या सैनिकांच्या नोंदी काढल्या. दहा कोअर (सैन्याचे मोठे विभाग), वीस वर्षं, दर कोअरची वर्षाला एक, म्हणजे दोनशे नोंदी आणि एकूण १२२ मृत्यू. १०९ नोंदींत शून्य, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, तिघांत तीन, एकीत चार. प्वासाँचं सूत्र म्हणतं, शून्याच्या नोंदी १०८.७ हव्यात आणि एकाच्या ६६.३. काय म्हणावं याला! ज्या कोअरमध्ये एका वर्षात चार जण मेले, तिथल्या सेनापतीने घोडे बदलले असतील, पागेवरच्या माणसांना झापलं असेल, पुढच्या वर्षी आकडा खाली आल्यावर मिशीला पीळही भरला असेल. आकडा तसाही खाली येणारच होता.

यातून हाताशी ठेवावा असा एक नियम निघतो. n घटना मोजल्या, तर त्या मोजणीत वर्गमूळ n इतकी डळमळ धरायची. शंभर घटनांत दहाची, म्हणजे दहा टक्के. दर दहा टक्क्यांच्या फरकाने कळला तरी चालेल, असं म्हटलं तरी शंभर खून मोजावे लागतील. वर्षाला ०.३ च्या हिशेबाने भाचीच्या त्या गावाला लागतील ३३३ वर्षं. अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केलं १७७६ साली. त्या दिवसापासून मोजत बसलं असतं तरी काम २१०९ मध्ये संपलं असतं. शिवाय खून घोड्याच्या लाथांइतके सुटे सुटे नसतात. एकाच्या सुडातून दुसरा होतो, एकाच घरात एका रात्री तिघे जातात. त्यामुळे खरी डळमळ याहून मोठीच.

“म्हणजे मोठ्या शहरांचे आकडे तरी खरे?” भाचीने विचारलं. खरे, पण तिथे भागाकारातला खालचा आकडा फसवतो. सेंट लुईसमध्ये २०२० साली २६३ खून झाले, दर लाखामागे ८७. भयंकरच. पण या शहराने १८७६ साली आपली हद्द कौंटीपासून (म्हणजे जिल्ह्यापासून) तोडून घेतली आणि ती रेघ अजून तिथेच आहे. आसपासचा सगळा परिसर धरला तर वस्ती २८ लाखांच्या घरात, पण भागायला घेतात ते रेघेच्या आतले तीन लाख. जॅक्सनव्हिलने १९६८ साली नेमकं उलट केलं, कौंटी आणि शहर एक करून उपनगरं पोटात घेतली. दोन शहरांची तुलना करताना आपण निम्मी तुलना नकाशांची करत असतो. त्यात शहराच्या आतही गुन्हे सारखे पसरलेले नसतात. सिएटलमध्ये चौदा वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निम्मे गुन्हे रस्त्यांच्या चार-पाच टक्के तुकड्यांवरच घडलेले निघाले.

मग बंदुकीच्या कायद्यांवरून जे वाद चालतात, तेही असेच दाण्यांचे खेळ का? नाही. इथे तेच वर्गमूळ आपल्या बाजूने बोलतं. दोन राज्यं घेऊ. २०२१ मध्ये बंदुकीने झालेल्या मृत्यूंचा दर मिसिसिपीत लाखामागे ३३.९ होता आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ३.४. मिसिसिपीत हे जवळपास हजार मृत्यू, त्यांची डळमळ ३०-३२ ची. योगायोग दहापट फरक पाडू शकत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये परवाना स्थानिक पोलिसप्रमुखाकडून घ्यावा लागतो आणि वापरात नसलेली बंदूक कुलपात ठेवणं सक्तीचं आहे. मिसिसिपीत २०१६ पासून बंदूक बाळगून फिरायला परवानाही लागत नाही. सगळा फरक कायद्याने पडला असं म्हणणं घाईचं होईल. गरिबी, घराघरांतल्या बंदुकांची संख्या, दवाखान्याचं अंतर, सगळंच वेगळं आहे. पण रँड या संशोधन संस्थेने शेकडो अभ्यास चाळून ज्या थोड्या कायद्यांना भक्कम पुराव्याचा शिक्का दिला, त्यांत मुलांच्या हाती बंदूक पडू नये म्हणून केलेले कायदे आहेत.

आणि यादीतल्या शून्यात जे मोजलेलंच नाही, ते इथे येतं. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या. खून २१ हजारांच्या आत. ग्रामीण भागात बंदुकीने होणाऱ्या आत्महत्यांचा दर शहरांपेक्षा जास्त असतो, पण ‘सुरक्षित गावां’च्या यादीत आत्महत्येला रकाना नाही. १ ते १९ वयोगटात २०२० साली बंदुकीने मोटार अपघातांना मागे टाकलं आणि ती मृत्यूचं पहिलं कारण झाली. त्यात बहुतेक किशोरवयीन मुलं, खून जास्त आणि त्याखालोखाल आत्महत्या.

“ज्याला मरायचंच आहे तो काहीतरी मार्ग शोधतोच,” हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलंय. ते चूक आहे. इंग्लंड-वेल्समध्ये घरगुती गॅस विषारी होता तोवर निम्म्याच्या आसपास आत्महत्या त्याने होत. पुढे बिनविषारी गॅस आला आणि १९६३ च्या ५,७१४ आत्महत्या १९७५ पर्यंत ३,६९३ वर आल्या. बहुतेकांनी दुसरा मार्ग शोधला नाही. तो टोकाचा क्षण अनेकदा थोडाच वेळ टिकतो, आणि प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. बंदूक मात्र दहांतल्या नऊ वेळा दुसरी संधी देत नाही. म्हणून कुलपाला महत्त्व, कारण कुलूप तो थोडा वेळ मिळवून देतं. अमेरिकेत सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत राहतात, जिथे एक तरी बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर असते, असा २०१५ च्या पाहणीवरून काढलेला अंदाज आहे.

तिथले बालरोगतज्ज्ञ पालकांना सांगतात, मूल ज्या घरी खेळायला जाणार तिथे आधी विचारा की बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का. भाचीला हे जड गेलं. “नव्या गावात पहिल्याच दिवशी असं कसं विचारू, मामा?”

गाव तिने शेवटी यादीतलंच घेतलं, पण शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे म्हणून. मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. पहिल्यांदा मित्राकडे पाठवताना तिने एकाच मेसेजमध्ये तीन प्रश्न टाकले: शेंगदाणे, कुत्रा, बंदूक. पाच मिनिटांत उत्तर आलं. शेंगदाण्याचं लोणी आहे, वर ठेवून देऊ. कुत्रा म्हातारा आहे. बंदुका दोन, तळघरातल्या तिजोरीत, गोळ्या वेगळ्या. आणि खाली एक ओळ: “तुमच्याकडे?”