मासा टाकीएवढाच वाढतो म्हणे!

पुण्यात फिशटँकच्या दुकानात हे हमखास ऐकू येतं: "घ्या हो बिनधास्त, मासा टाकीच्या मापातच राहतो." नाही राहत. बोटभर सिल्व्हर शार्क पुढे फूटभर होणाऱ्या जातीचा असतो. दोन फुटी टाकीत तो खुरटतो खरा, पण ते 'माप' नव्हे; साचलेल्या घाणीनं आणि कोंडवाड्यानं तब्येत बिघडल्याची ती खूण. गोल्डफिश तर पाणझाडं लावलेल्या टाकीत नकोच. कोवळी पानं कुरतडतो, मुळं उकरतो, वर घाणही भरपूर.

रंगच हवेत ना? मग मोठेपणीही लहान राहणारे मासे निवडा: नियॉन टेट्रा ३-४ सेंमी, एम्बर टेट्रा जेमतेम २, हार्लेक्विन रासबोरा ४-५. एकाच जातीचे आठ-दहा घ्या. एकटा नियॉन झाडाआड दडून फिका पडतो; थव्यात त्याची निळी पट्टी खरी उजळते. गप्पीही चालतात, विशेषतः सोसायटीत बोअरचं जड पाणी येत असेल तर. फक्त पिल्लांचा सुळसुळाट होतो, म्हणून नरच आणा. टायगर बार्ब मात्र त्यांच्यासोबत सोडू नका, शेपट्यांच्या चिंध्या करतात. नळाचं पाणी क्लोरीन घालवल्याशिवाय ओतू नका.